बांधाचा धनी कोण?

२ जुलै २०१९ या एकाच तारखेला महाराष्ट्रात पाणी दोन ठिकाणी आडोसा मोडून माणसांवर आलं. मध्यरात्र उलटल्यावर मालाडच्या कुरार भागात डोंगरावरच्या जलाशयाच्या आवाराची भिंत पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगरच्या झोपड्यांवर कोसळली. तीसच्या आसपास माणसं गेली. त्याच दिवशी रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली वीसेक माणसं वाहून गेली. मालाडची भिंत पक्क्या बांधकामाची होती, पुरी होऊन फार वर्षंही झाली नव्हती. तिवऱ्याचं धरण मातीचं होतं आणि ते गळतंय असं गावकरी आधीपासून सांगत होते.

म्हणून ‘माती की सिमेंट’ हा वाद मला पोकळ वाटतो. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत तो हमखास निघतो. पर्यावरणवाले मातीच्या आणि तिवरांच्या, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या बाजूने बोलतात, अभियंते काँक्रीटच्या बाजूने, आणि नगरसेवक निधी कुठे मिळेल त्या बाजूने. माती पडते, सिमेंटही पडतं. पडण्याआधी त्याच्याकडे बघायचं कोणी, हे ठरलेलं नसलं की दोन्ही सारख्याच सहजतेने पडतात. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या आडोशाचा धनी ठरलेला नाही, जो राखायचा पैसा बाजूला काढलेला नाही आणि ज्याच्या पाठीमागे साचणारं पाणी कुठे जाणार याचं लेखी उत्तर नाही, असा कोणताही बांध, तट किंवा संरक्षक भिंत मुंबईत यापुढे मंजूर होऊ नये. आणि आधीच उभ्या असलेल्यांचे धनी आता शोधून काढावेत.

तिवऱ्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटलं असं विधान केलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. महाराष्ट्र पोट धरून हसला. लोक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, यांना अटक करा म्हणून. ते हसू योग्यच होतं, कारण माणसं मेली असताना सरकारने आरोपी म्हणून खेकडा उभा करावा याला दुसरं उत्तर नव्हतं. पण त्या हशात एक गोष्ट वाहून गेली. खेकडे बांध पोखरतात, हे खरंच आहे. अलिबाग, पेण, उरणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. खेकड्याच्या बिळातून भरतीचं पाणी झिरपायला लागतं, झिरपताना मातीचे कण सोबत नेतं, बीळ रुंदावतं, आणि एखाद्या उधाणाला तिथे भगदाड पडतं. अभियांत्रिकीच्या पुस्तकात याच प्रकाराला ‘पायपिंग’ म्हणतात आणि जगभरातली कितीतरी मातीची धरणं याच वाटेने गेली आहेत. फरक असा की खारेपाटातला शेतकरी खेकड्याला कारण म्हणून सांगत नाही. तो बांधावरून चालतो, बीळ दिसलं की बुजवतो. मंत्र्यांना विचारायचा प्रश्न ‘खेकडे असं करतात का’ हा नव्हताच. बांधावरून शेवटचं कोण चाललं होतं, हा होता.

खारबांधाची रीत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण मुंबईचे बरेचसे लोक तिच्या एका तासाच्या अंतरावर राहून तिच्याबद्दल काही जाणत नाहीत. समुद्राची किंवा खाडीची भरती जिथे शेतात घुसते तिथे खाजणातला, म्हणजे भरतीखालच्या दलदलीतला, चिकट गाळ कापून, त्याच्या ढेपा एकावर एक रचून बांध घालतात. तो उभा नसतो. दोन्हीकडे उतरता, पाण्याकडच्या बाजूला अधिक पसरट, कारण लाट उभ्या भिंतीवर आदळली तर पायथ्याची माती ओढून नेते आणि उतारावर आली तर चढता चढता दमते. जिथे मार जास्त तिथे उतारावर दगडांचं अस्तर, म्हणजे पिचिंग. काही ठिकाणी बाहेरचा मोठा काठा आणि आतला धाकटा काठा अशी दुहेरी व्यवस्था असते. बाहेरचा फुटला तर आतल्याने निदान काही शेतं वाचावीत म्हणून. आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे उघाडी. बांधात बसवलेली ही झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर उघडते आणि भरतीला समुद्राच्याच दाबाने मिटते. पावसाचं गोडं पाणी बाहेर जातं, खारं पाणी आत येत नाही. बांधाचं अर्धं काम मातीचं आणि अर्धं उघाडीचं. नुसता बांध घातला आणि उघाडी विसरलात तर समुद्राने नाही बुडवलं, पावसाने बुडवाल.

भगदाड बुजवायचं ते भांगात. उधाणाच्या दिवसांत भरती जोराची असते, अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती सौम्य असते. त्या चार-पाच दिवसांत सगळ्यांनी मिळून चिखलात उतरायचं, कारण पुढचं उधाण थांबत नाही. या सामूहिक कामाला खारेपाटात जोळ म्हणतात. ज्याची जेवढी जमीन बांधाआड, त्याचा त्या प्रमाणात वाटा. कुणी आला नाही तर त्याला गावात तोंड दाखवायची पंचाईत. ही रीत आदर्श होती असं मी म्हणणार नाही. खोत आणि खारजमिनींचे शिलोत्री जमीनदार स्वतः चिखलात उतरत नव्हते, उतरत होती ती कुळं, आणि पिकाचा मोठा हिस्सा मात्र वर जात होता. पण एक गोष्ट त्या रीतीत पक्की होती: बांध फुटला तर कुणाच्या दारात जायचं हे गावातल्या पोरालाही ठाऊक असायचं.

नंतर सरकार आलं. १९४८ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. हेतू चांगला होता. जमीनदारी गेली होती, बांध राखायला कुळांकडे पैसा नव्हता, सरकारने ते काम अंगावर घेतलं. झालं असं की जबाबदारी खात्याकडे गेली आणि जोळ मोडली. आता बांधाला भगदाड पडलं की अर्ज, मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग निविदा. भांगाचे चार दिवस या साखळीत पहिल्या कडीलाच संपतात. दोन-तीन उधाणं शेतात येऊन गेली की जमीन खारी होते, भात येईनासा होतो, आणि काही वर्षांत त्याच शेतात तिवरं उगवतात. तिवरं उगवली की वनखात्याचे नियम लागू होतात आणि शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात बांध घालायला परवानगी लागते. अलिबाग आणि पेण तालुक्यांत अशी भातशेती शेकडो एकरांनी गेली आहे. यात एकही माणूस दुष्ट नाही. कायदा नीट, खातं नीट, तिवरांचं संरक्षणही नीट. फक्त बांधावरून चालणारा माणूस मधल्यामध्ये नाहीसा झाला.

मुंबई हे खारेपाटाचंच मोठं रूप आहे, हे आपण विसरतो. सात बेटांच्या मधल्या खाजणात भरती शिरायची. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधलं मोठं खिंडार विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना बांध घालून बुजवण्यात आलं. १७८४ च्या सुमारास ते काम पुरं झालं. आज हाजीअलीसमोरून गाडीतून जाणाऱ्याला आपण एका खारबांधावरून जातोय याचा पत्ता नसतो. त्या बांधाने समुद्र अडला, भायखळा, ताडदेव, कामाठीपुऱ्याची जमीन उघडी झाली. पण ती जमीन भरतीच्या रेषेखालीच राहिली. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबायचं, दलदल व्हायची, रोगराई पसरायची, आणि पुढे शंभरेक वर्षं शहराचा केरकचरा ओतून ती उंच करण्याचा उद्योग चालला. बांध भक्कम होता. उघाडी अपुरी होती. बंडखोर पाणी मागच्या दाराने घरात बसलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हीच अपुरी उघाडी शहरभर दिसली. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची समुद्रात उघडणारी बहुतेक मुखं भरतीच्या रेषेच्या खाली आहेत. भरती आली की समुद्र वाहिन्यांतूनच आत येतो. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ या १९९३ च्या अहवालाने आठ पंपिंग स्टेशनं सुचवली होती. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. माहुल आणि मोगरा रखडली. ही स्टेशनं काय करतात? भरतीला दार लावतात आणि आतलं पाणी पंपाने उपसून बाहेर टाकतात. म्हणजे उघाडीच, फक्त विजेवर चालणारी आणि कोट्यवधी रुपयांची. खारेपाटातली झडप समुद्राच्या दाबाने फुकटात मिटायची. इथे वीज गेली, गाळ अडकला, प्लास्टिक अडकलं की माणूस लागतो, आणि म्हणून राखण अधिक लागते, कमी नाही. पण उद्घाटनाला मंत्री येतो, गाळ काढायला ठेकेदार येतो, आणि गाळ खरंच निघाला का हे बघायला बहुधा वार्ताहरच येतो.

या शहराला एकेकाळी तटबंदीही होती, आणि तिच्याकडून शिकण्यासारखं थोडं आहे. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. कोटाभोवती खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी देशी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. स्वतःच्या पेढ्या कोटाच्या आत होत्या, त्यामुळे खंदकाची गरज त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. पुढे धोका सरला, शहर तटाबाहेर सांडायला लागलं, आणि १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडून टाकले, खंदक बुजवले. चर्चगेट, बझारगेट ही दारं नावापुरती राहिली, तटाचा एखादा तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवाराजवळ उरला. मला यातली पाडण्याची गोष्ट विशेष वाटते. आडोसा निकामी झाला की तो कुणीतरी अधिकाराने पाडावा लागतो, नाहीतर तो आपला आपण पडतो आणि तेव्हा वेळ तो ठरवतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या तटावर उगवणारी झाडं वरचेवर कापून काढायला सांगितलं आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाने झाडपाल्याची चिंता करावी हे आज गमतीचं वाटेल, पण पिंपळाचं रोप तटाला काय करतं हे ज्याने पाहिलंय त्याला वाटणार नाही.

आपल्या भाषेत या गोष्टींना नावं भरपूर आहेत. शेताचा बांध, उतारावरची ताल, तळ्याची पाळ, ओढ्यावरचा बंधारा, खाडीचा काठा, मातीचा धुळकोट, गावाभोवतीचं गावकूस. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून नाव वेगळं. यातल्या गावकुसाने मात्र एक उघडं सत्य सांगून ठेवलं आहे: कूस घातलं की कुणीतरी बाहेर राहतो. गावकुसाबाहेर कोण राहायचं हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. पाण्याच्या बांधाचंही तसंच आहे. एका बाजूला अडवलेलं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी बाजूला वळतं, आणि ते कुणाकडे वळवायचं हा निर्णय अभियांत्रिकीचा दिसला तरी तसा नसतो.

मालाडची भिंत कुणासाठी होती? खालच्या झोपड्यांसाठी नव्हतीच. ती वरच्या आवाराच्या रक्षणासाठी होती. कागदोपत्री ती कुंपणाची भिंत. पण डोंगरउतारावर आडवी, लांबच लांब, उंच भिंत घातली की तिच्यामागे पाणी साचणारच, आणि साडेतीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस चोवीस तासांत झाला की ती भिंत धरण होते. निचऱ्याची पुरेशी वाट नसलेलं, सांडवा नसलेलं, कुणाच्याही यादीत धरण म्हणून नोंद नसलेलं धरण. तिच्या खाली वनजमिनीवर जी माणसं राहत होती त्यांचं पुनर्वसन व्हावं असे न्यायालयाचे आदेश जुने होते. तेही गावकुसाबाहेरचेच. दोन वर्षांनी, १८ जुलै २०२१ ला, चेंबूरच्या वाशीनाक्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा आवाराची भिंत घरांवर आली आणि एकोणीस माणसं गेली. मुंबईच्या टेकड्यांवर अशा कुंपणभिंती किती आहेत, त्यांतल्या किती धरणाचं काम करतायत, याची एकही जाहीर यादी माझ्या पाहण्यात नाही.

मोठ्या धरणांसाठी मात्र आहे. २०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. त्यात ठरावीक उंचीवरच्या प्रत्येक धरणाचा मालक ठरलेला आहे, त्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करायची, तिची नोंद ठेवायची आणि देखभालीला पैसा राखून ठेवायचा. कायदा कितपत पाळला जातो हा वेगळा विषय. पण तत्त्व म्हणून आपल्या संसदेने मान्य केलं आहे की पाणी अडवणाऱ्या गोष्टीला मालक लागतो. मग ती गोष्ट दहा-पंधरा मीटर उंच असली तरच मालक, आणि पंधरा फूट असेल तर कुणीच नाही, हे कसं? खाली झोपलेल्या माणसाला उंचीतला हा फरक कळत नाही.

यावर येणारा सगळ्यांत वजनदार आक्षेप जागेचा आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. तीन मीटर उंचीचा मातीचा बांध दोन्ही बाजूंना एकास दोन उताराने घातला आणि माथ्यावर माणूस चालेल एवढी तीन मीटर रुंदी ठेवली तर पायथ्याला पंधरा मीटर जागा जाते. तेवढ्याच उंचीच्या काँक्रीट भिंतीला जमिनीवर हातभर जागा पुरते. मिठी नदीच्या काठावर, जिथे एका हाताला झोपडी आणि दुसऱ्या हाताला कारखाना आहे, तिथे पंधरा मीटर कुठून आणणार? नाही आणता येत. म्हणून २००५ नंतर मिठीच्या दोन्ही तीरांवर भिंती उभ्या राहिल्या, आणि त्या परिस्थितीत दुसरा मार्ग सोपा होता असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. किनारी रस्त्यालाही समुद्राकडून भिंतच लागते. लाटांच्या तोंडावर नुसती माती टाकून समुद्रात शंभरावर हेक्टर भराव टिकत नाही.

पण या आक्षेपाने मटेरियलचा प्रश्न सुटतो, राखण्याचा सुटत नाही. उलट जागा वाचवण्यासाठी आपण उभी भिंत घेतो तेव्हा आपण एक सूटही गमावतो. मातीचा उतरता बांध बिघडताना दिसतो: ओल येते, खालच्या अंगाला माती मऊ होते, थोडा भाग घसरतो. तो तुम्हाला काही दिवस, कधी काही आठवडे देतो. भिंत बाहेरून शेवटपर्यंत शहाण्यासारखी उभी असते. पाठीमागे पाण्याचा दाब वाढत जातो, निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असतात, आणि एका रात्रीत ती पडते. ज्या आडोशाला आजार लपवायची सवय, त्याच्या तपासण्या जास्त हव्यात की कमी?

नेदरलँड्सचं नाव या विषयात नेहमी निघतं, आणि आपले लोक तिथे गेले की प्रचंड लोखंडी दरवाजांचे फोटो काढून येतात. रॉटरडॅमजवळचा १९९७ चा मॅसलांटकेरिंग खरोखर बघण्यासारखा असेल. पण मला तिथल्या बांधांपेक्षा त्यांचे कायदे वाचावेसे वाटतात. तिकडे जलमंडळं तेराव्या शतकापासून आहेत, बांधाआड राहणाऱ्यांनी निवडलेली आणि त्यांच्यावर स्वतंत्र कर बसवणारी. राजे आले गेले, मंडळं राहिली. उत्तर समुद्राच्या त्या किनारपट्टीवर जुना फावड्याचा कायदा होता: ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं झेपत नाही त्याने बांधात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून जायचं. जो ते फावडं उपटेल त्याची जमीन, आणि त्याचाच बांध. क्रूर रीत आहे, आज कुणी लागू करू नये. पण जमीन आणि बांध ही एकच गोष्ट आहे, एक घेऊन दुसरी टाळता येत नाही, हे तिने कुणाला विसरू दिलं नाही. आणखी एक: तिथे समुद्राकडच्या बांधाला ‘जागा’, त्याच्या मागच्याला ‘झोपलेला’ आणि त्याच्याही मागच्याला ‘स्वप्नात असलेला’ म्हणतात. आपल्या बाहेरच्या आणि आतल्या काठ्याचंच हे मोठं कुटुंब. एकाच भिंतीवर सगळा भरवसा ठेवायचा नाही, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना स्वतंत्रपणे सुचलं होतं.

मुंबईचा ‘झोपलेला’ बांध कुठे आहे? आहे, पण आपण तो विकायला काढलाय. पूर्व किनाऱ्यावर आधी तिवरं, मग मिठागरांचे मातीचे बांध आणि त्यांच्या आतली उथळ कुंडं, मग वस्ती, अशी रांग होती. तिवरं लाटेचा जोर खातात. मिठागरं पावसाळ्यात मीठ पिकवत नाहीत, त्या चार महिन्यांत ती पाणी धरून ठेवतात. तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि पुढे २०१८ च्या आदेशांनी आधार दिला, त्यामुळे ती निदान कागदावर वाचली. मिठागरांना असा कुणी वाली नाही. कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची अडीचशेहून अधिक एकर मिठागरं धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. धारावीकरांना घर मिळायला हवं, यात वाद नाही. पण एका बुडणाऱ्या सखल भागातून उचलून दुसऱ्या सखल भागात, आणि तोही त्याच शहराचं पाणी झेलणारा, हे पुनर्वसन कुणाच्या सोयीचं?

नवी मुंबईचा अनुभव इथे शेजारीच आहे. सिडकोने ते शहर भरतीखालच्या जमिनीवर वसवताना डच पद्धतीचा विचार केला होता: बाहेरून बांध, आत धारण तलाव, तोंडाशी झडपा. भरती असताना पावसाचं पाणी तलावात थांबेल, ओहोटीला बाहेर जाईल. कल्पना उत्तम, रचनाही बरीच वर्षं चालली. मग तलावांत गाळ साचला, गाळात तिवरं उगवली, तिवरांना कायद्याचं संरक्षण, त्यामुळे गाळ काढायला परवानग्यांचा आणि न्यायालयाचा फेरा. खारेपाटात जे झालं तेच, फक्त सेक्टर नंबर घालून. गाळ दरवर्षी काढायचा ही सर्वांत कंटाळवाणी बाब पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी गळ्यात बांधली असती तर तिवरं उगवायला जागाच उरली नसती.

आता पैशांचं. ‘महापालिकेकडे देखभालीला पैसा नाही’ हे वाक्य मुंबईच्या बाबतीत मी मानायला तयार नाही, पण क्षणभर मानू. मालमत्ता कराच्या बिलात पथकर आहे, मलनिःसारण कर आहे, वृक्ष उपकर आहे. बांधासाठी एक ओळ वाढली तर आकाश कोसळणार नाही, आणि पाचशे चौरस फुटांपर्यंतची घरं मालमत्ता करातून २०२२ पासून वगळलेलीच आहेत, त्यामुळे गरिबाच्या माथी ती ओळ येत नाही. अट एकच: त्या ओळीतून जमा होणारा पैसा फक्त उभ्या असलेल्या बांध-भिंती, पर्जन्यवाहिन्यांच्या मुखांची दारं आणि पंपांच्या देखभालीवर जावा. नवीन काहीही बांधायला त्यातला छदामही वापरता येऊ नये. नवीन बांधायला पैसा कसा मिळवायचा हे आपल्या राजकारण्यांना चांगलं ठाऊक आहे, त्याची काळजी करायला नको.

टेकड्यांवर मात्र या कराचा हिशेब उलटा लागतो. खारेपाटात बांधाआड ज्याची जमीन, त्याचा वाटा. कारण बांध त्याला वाचवतो. डोंगरउतारावर भिंतीच्या खाली राहणाऱ्याला भिंत वाचवत नाही, मारते. तिथे धनी म्हणजे वरच्या जमिनीचा मालक, मग तो सरकारी खातं असो, महापालिका असो, संरक्षण दल असो की खासगी सोसायटी. भिंत त्याच्या आवाराची, पाणी त्याच्या उतारावरचं, तर भोकं साफ ठेवायचं कर्तव्यही त्याचंच. दरवर्षी मे महिन्यात पायथ्याच्या वस्त्यांत नोटिसा लागतात: ही जागा धोकादायक आहे, सुरक्षित ठिकाणी जा, अन्यथा होणाऱ्या हानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही. सुरक्षित ठिकाण कोणतं ते नोटिशीत नसतं. तीच नोटीस, तेवढ्याच ठळक अक्षरांत, वरच्या मालकाच्या नावाने त्याच्या फाटकावर का लागत नाही? भिंतीची शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, पुढची कधी, हे त्या भिंतीवरच रंगवलेलं का नसतं? लिफ्टमध्ये तपासणीचं प्रमाणपत्र लावावं लागतं. लिफ्टने तीस माणसं एका वेळी चिरडली जात नाहीत.

आणि मिठागरांच्या बाबतीत हे सगळं भाडेकरारावर सह्या होण्याआधी व्हायला हवं, नंतर नाही. कांजूर-भांडुपच्या मिठागरांत एका मोठ्या पावसाचं किती पाणी आज थांबतं हे मोजता येतं. उंचीचे नकाशे आणि बांधांची लांबी घेऊन बसलं तर अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलंसुद्धा ते काढतील. भराव टाकल्यावर ते पाणी कुठे जाणार? खाडीत जाणार असेल तर भरतीला कसं? पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडच्या जुन्या वस्त्यांत जाणार असेल तर त्यांना तसं सांगितलं आहे का? नव्या भरावाला बांध लागणार, त्या बांधाला उघाडी लागणार, तिची राखण तीस वर्षांनंतरही कुणीतरी करायला लागणार. विकासक इमारती सोपवून मोकळा होईल, गृहनिर्माण संस्थांना आपल्या गच्चीची गळती थांबवता येत नाही, आणि महापालिका म्हणेल की जमीन मुळात केंद्राची होती. करारात बांधाचं कलम घाला: धनी कोण, दरवर्षी पैसा किती, तपासणीचा अहवाल कुठे लागणार. विकासकाला ते परवडत नसेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कारण तशी जमीन भराव टाकण्याजोगी नव्हती एवढाच त्याचा अर्थ होतो.